दाट किनार

ईश्वरदासच्या घरासमोर ऊन पडत नाही, मुक्कामाला येतं. सकाळी फाटकातून शिरलं की दिवे लागेपर्यंत हलत नाही. एप्रिलात त्या चौकोनात पापड वाळत घातला तर त्याची बायको चंद्रकला तो भाजलेलाच उचलते, असं गल्लीत सांगतात, आणि चंद्रकलाही नाही म्हणत नाही.

तो चौकोन म्हणजे त्याच्या हातमागाची जागा. जुनं घर पाडून मुलाने, पियुषने, मागे स्लॅबचं बांधलं. मागाचा खड्डा मलब्याने बुजवला. आता तिथे ब्लॉक बसवून त्याला गाडी उभी करायची होती. ज्या खड्ड्यात पाय सोडून जन्मभर लुगडी विणली, त्यावर टायर फिरलेला ईश्वरदासला पाहवणार नव्हता. पण पोराजवळ तो एवढंच बोलला, "समोर थोडी फुलं राहू दे."

"दसऱ्यापर्यंत पाहू," पियुष म्हणाला. "पण घोट्याच्या वर काही जायले नको, नावाची पाटी झाकते. अन् दरसाल नवीन लावायची झंझट नाही पाहिजे. दसऱ्याले बरं दिसलं तर ठेवू, नाहीतर ब्लॉक."

धरमपेठेतल्या नर्सरीवाल्या अंकुशने तशीच झाडं काढून दिली. वाफ्याच्या कडेला लावतात ती तांबड्या पानांची बुटकी बॉर्डर, जमिनीसरशी पसरणारी जांभळी घाणेरी, ऊन चढलं की उघडणारं ऑफिस टाइमचं फूल. सगळी उन्हाची लाडकी, एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकणारी.

"एकेक वीत सोडून लावा, काका. आता उघडंबोडकं दिसन, पण पावसाळ्यापर्यंत स्वतःच भरून घेते."

"विरळ दिसन ना गा."

"विरळच लावा लागते."

अंकुशने आईबहिणीवरून शिवी दिली असती तरी ईश्वरदासने हसून घेतली असती. बाजारात व्यापारी लुगडं उजेडाकडे धरायचा, पलीकडचा माणूस दिसला की विणणाऱ्याच्या तोंडावर फेकायचा. ईश्वरदासचं कधी फेकलं गेलं नाही. त्याच्या लुगड्यातून दूध गाळायला घ्यावं तर वरच्या वर दही लागायचं, अशी त्याची कीर्ती.

तेव्हा त्याने जवळजवळ अर्धी नर्सरी ऑटोत घालून आणली. खुंट्या ठोकल्या, दोरा ताणला, आणि तांबड्या रोपांची करवतीच्या दातांसारखी किनार मांडली. मुळाला मूळ भिडवून. चंद्रकला पोर्चमध्ये खुर्चीवर लसूण सोलत बसली होती.

"अवो, त्यायले श्वास तर घेऊ द्या."

"कापड श्वास घेते काय वं?"

"हे कापड नोहे. झाडं होय."

"तू लसूण सोल."

उन्हाळाभर त्याने पाणी घातलं आणि जे उठलं ते खरोखर उठलं. जाणाऱ्या बाया मोबाइल काढून थांबायच्या. सीताबर्डीचा एक साडीवाला म्हणे गाडी थांबवून भाव विचारून गेला. सुनेने, काजलने, स्टेटस ठेवलं. बापाचा विषय निघाला की आजवर दुसरीकडेच पाहणाऱ्या पियुषने ऑफिसच्या साहेबाला फाटकात उभं करून सांगितलं, "आमचे बाबा विणकर. हे विणलेलंच आहे त्यांनी." ईश्वरदासने खिडकीआडून ऐकलं आणि त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

श्रावणात पावसाची झड लागली. वरून किनार जशीच्या तशी, पण खालून वास यायला लागला. त्याने पानं बाजूला केली तर आत देठ काळे, बुळबुळीत. वारा शिरायला फटच नव्हती.

"एक सोडून एक उपटा, काका," अंकुशने फोनवर सांगितलं. "आजच. बाकीची सावरतीन."

ईश्वरदास पाट घेऊन बसला. एक रोप उपटलं. मधे माती दिसली. त्याने ते रोप परत खोचलं.

"काहून थांबले?" चंद्रकलाने विचारलं.

"हे भोकाभोकाचं कोणाले दाखवू मी?"

"मागही असाच बंद केला तुम्ही." तिचा आवाज चढला नाही. "सारी गल्ली विरळ पंचे विणून पोरं शिकवून राहिली होती. तुमचा हात दाट. त्या दाटीपायी म्या लोकायची भांडी घासली. आता तरी उपटा."

तो उठून आत गेला. तिचे गुडघे वाकत नव्हते, नाहीतर तिनेच उपटली असती.

आठवडाभरात मधली सगळी सडून खाली बसली. पियुष रेनकोटातच फाटकाजवळ वाकून पाहत होता.

"कडेची चांगली आहेत, बाबा. मधली काढून टाकतो मी. बाकीची राहू द्या. दसऱ्याचं काय, पुढच्या सालीही येते."

"ब्लॉकवाल्याले बोलाव."

"पण तुम्हालेच तर पाहिजे होतं ना?"

"बोलाव म्हटलं ना."

पियुष हातातली काळी काडी बाहेर टाकून वळला. मग हात धुवायला निघून गेला.

दसऱ्याला मागाच्या जागेवर गाडी उभी होती. काजलने तिच्या टायरांना हळद-कुंकू लावलं. गाडीचं तोंड पोर्चमध्ये शिरत असल्यामुळे चंद्रकलाची खुर्ची आता आत, टीव्हीसमोर आली होती. संध्याकाळी ईश्वरदासने तिच्यापुढे आपट्याचं पान धरलं. तिने ते घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.