भिंतीकडे फिरवलेली खुर्ची

भार्गवीने काचेच्या खोलीतली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि सिद्धारामला बसायला सांगितलं.

"आजवर हिकडं तोंड करून बसत हुतो की," तो कुरकुरला.

"आज असंच बसा काका. कानात आवाज आला की बटण दाबायचं."

हॉस्पिटलच्या कान-तपासणी विभागात भार्गवी नवीन होती. सिद्धारामला चालू असलेल्या कॅन्सरच्या औषधाने कान जाऊ शकतात, म्हणून प्रत्येक डोसाआधी ही तपासणी व्हायची. आधीच्या तंत्रज्ञाने केलेल्या तिन्ही रिपोर्टांत सिद्धारामचे कान ठणठणीत होते. ते रिपोर्ट मांडीवर घेऊन त्याची बायको दाक्षायणी बाहेर बाकावर निवांत बसली होती. काचेतून तिला नवऱ्याची पाठ आणि बटणावरचा अंगठा दिसत होता.

अंगठा हलेना.

भार्गवीने आवाज वाढवला, आणखी वाढवला. शेवटी त्याला घेऊन ती बाहेर आली.

"काकू, यांना बारीक आवाज येतच नाहीत. बोलणंही निम्मंच कळत असेल. घरी जाणवलं नाही?"

"न्हाय की. मी बोलते, ते हं म्हणतात."

सिद्धारामने दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. तीस वर्षं तो यंत्रमागावर कामाला होता. तिथल्या खडखडाटात माणसं ओठ आणि हात बघूनच बोलतात.

"आवाज सोडताना आधीच्या साहेबाचं बोट काचंतनं दिसायचं," तो म्हणाला. "हललं की दाबायचो. कान गेलं तर औषध बदलत्यात म्हणं. दुसरं हलकं असलं तर? मला जगायचं हाय."

"काका, हे डॉक्टरांना विचारायचं होतं," म्हणत भार्गवी कागद घेऊन तडक डॉक्टरांकडे गेली.

"मला बी न्हाय सांगितलं?" दाक्षायणी म्हणाली.

"तू डॉक्टरला सांगितलं असतंस."

ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. डॉक्टरला फसवलं ते फसवलं, पण घरच्या माणसाचाही केसाने गळा कापावा? तीन महिने ती रोज दुपारी त्याच्या मागे बसून पाठीला तेल चोळत होती, आणि बडबडत होती ती कुणाशी?

मग तिला ती दुपार आठवली. बारा दिवसांपूर्वी तिने दोन वर्षं पोटात ठेवलेलं त्या पाठीला सांगून टाकलं होतं. दोन वर्षांपूर्वी भावाशी झालेलं भांडण मिटवायला धाकटा दीर नंदीश अक्कलकोटहून आला होता. सिद्धाराम आत झोपलेला असताना तिने रागाच्या भरात 'ते घरी नाहीत' असं सांगून नंदीशला दारातून परतवलं. चार महिन्यांनी नंदीश वारला. हे सगळं ऐकून नवरा फक्त "हं" म्हणाला होता. तिला वाटलं, माफ केलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली होती.

म्हणजे तेही खोटंच. कुणाला काही माहीत नव्हतं. आता गप्प बसली असती तरी चाललं असतं.

ती उठली आणि त्याच्या समोर येऊन उभी राहिली. आसपास माणसं होती, म्हणून आवाज न काढता नुसते ओठ हलवत तिने सगळं पुन्हा सांगितलं. तिचं संपलं तरी सिद्धाराम तिच्या ओठांकडेच बघत राहिला.

"उन्हाचा आला आसंल," तो म्हणाला. "पाणी तरी दिलंस का त्याला?"