एकशे तेराव्या पानानंतर

पुस्तक कुठलंही द्या, दहा पानांत मी लेखकाचा डाव ओळखतो. आजवर एकाही लेखकाला मला फसवता आलेलं नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. गावातल्या निम्म्या वाचकांच्या नाकावर माझेच चष्मे. तेव्हा वाचनातलं मला नाही कळणार तर कुणाला?

त्या रविवारी वाचनालयात सभासदांनी नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांवर बोलायचं होतं. ज्याचं वाचन सगळ्यात खोल, त्याला ग्रंथपालबाई पुस्तक-निवड समितीवर घेणार होत्या. नऊ वर्षं माझा त्या खुर्चीवर डोळा होता.

"अहो, थोडक्यात बोला," निघताना बायको म्हणाली. "मागच्या वेळी लोक खुर्च्या आवरायला लागले होते."

"ती दाद होती."

मागच्या बाकावर माझा मेहुणा बसला होता. वाचनालयाची फाटकी पुस्तकं नव्याने बांधायचं काम त्याच्याकडे. मीच लावून दिलेलं.

आधी एका प्रवासवर्णनाचा समाचार घेतला. लेखक बाराशे मैल चालला आणि अर्धं पुस्तक बुटांवर बोलला. मग वळलो रहस्यकथेकडे.

"विहिरीत प्रेत. इन्स्पेक्टर दोराला लटकून खाली उतरतोय. आणि एकशे तेराव्या पानावर लेखक काय करतो? त्याला तसाच लटकत ठेवतो आणि पुढे शेवटपर्यंत मधमाश्या कशा पाळाव्यात ते सांगतो. पेटी कुठे ठेवायची, धूर कसा द्यायचा. याला म्हणतात छाती. समाज म्हणजे पोळं, आणि आपण सगळे दोराला लटकलेले, हे त्याला सुचवायचंय."

टाळ्या पडल्या. बायकोनेसुद्धा वाजवल्या. मेहुणा छताकडे बघत होता.

"पण खून कुणी केला?" बाईंनी विचारलं.

"बाई, हे शाळकरी वाचक विचारतात."

"पुतण्याने केला," दुसऱ्या रांगेतली नर्स म्हणाली.

"कुणाच्या पुतण्याने?"

"ते नाही माहीत. मी मधमाश्यांचं पुस्तक नेलं होतं. राणीमाशी कशी ओळखायची, इथवर आले, पान उलटलं, तर एक इन्स्पेक्टर दोरावरून खाली उतरला. शेवटी त्याने पुतण्याला बेड्या घातल्या. मला वाटलं, मध चोरला असेल."

सगळ्या माना मेहुण्याकडे वळल्या.

"भावजी, दोन्ही पुस्तकं एकाच दिवशी उसवलेली," तो म्हणाला. "सोळा-सोळा पानांचे सात गठ्ठे इकडे, सात तिकडे. आकडे बघा ना, एकशे बारानंतर एकशे तेराच येतंय."

"आणि विहिरीत मधमाश्या कुठून आल्या रे?"

"मी बांधतो, वाचत नाही. वाचायला तुम्ही आहात."

हशा पिकला. बाईंनी समितीची वही मिटायला घेतली. नऊ वर्षांची खुर्ची डोळ्यांदेखत चालली होती. पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही.

"बाई, तारखांची चिठ्ठी बघा. बांधल्यापासून हे पुस्तक किती जणांनी नेलं?"

बाईंनी मोजलं. "अकरा."

"मधमाश्यांची तक्रार कुणी केली?"

"कुणीच नाही."

पाच-सहा सभासद एकदम स्वतःच्या चपलांकडे बघायला लागले. त्यातल्या दोघांनी तर मागच्या सभेत याच पुस्तकाच्या शेवटाचं तोंड भरून कौतुक केलं होतं.

"म्हणजे एकशे बाराव्या पानापलीकडे पोचलेला मी एकटाच. चुकलो असेन, पण वाचून चुकलो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. माझाच चष्मा. मग नर्सकडे बघून म्हणाल्या, "शेवटपर्यंत तुम्हीही वाचलंत. समितीवर येता?"

"नको. मला उरलेल्या मधमाश्या द्या."

मग बाईंनी वही हाताला आलेल्या पानावर पुन्हा उघडली आणि माझं नाव लिहिलं. वही छान नवीकोरी बांधलेली, मेहुण्याच्याच हातची. मी ऐटीत सही ठोकली.

"अहो, वाचून करा," बायको म्हणाली.

"एका ओळीत काय वाचायचं?"

सोमवारी सकाळी रद्दीवाला तराजू घेऊन दुकानात आला. समितीच्या वहीची मागची अर्धी पानं रद्दीत काढायच्या पुस्तकांच्या यादीची होती. त्यात माझं नाव सातवं होतं, पुढे माझीच सही.