काचेतला हात

मुलांनो, असं एक घर डोळ्यांसमोर आणा. पुढच्या खोलीत पैंजणांना चकाकी देणारं मशीन दिवसभर घरघरतंय. त्या गोंगाटात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून सगळी माणसं हातांनीच बोलतात. दोन बोटं दाखवली की चहा, तळवा उलटा केला की मशीन बंद. अशा घरात तुम्हाला कमी ऐकू येत असेल, तर ते कुणाच्या लक्षात येईल का?

हुपरीच्या रोहिणीचं तसंच झालं. तिला कमी ऐकू येतं हे कळेपर्यंत ती चौथीत गेली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "दिव्यांग प्रमाणपत्र काढा. ऐकण्यातला दोष चाळीस टक्के भरला, तर सरकारकडून दोन्ही कानांना ऐकायची मशिनं मिळतील." मग तिचे वडील, जिनेश, तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या दादांनी तिला काचेच्या खिडकीसमोर बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि खुणेनं सांगितलं, आवाज आला की बोट वर कर. मग ते काचेपलीकडं मशीनवर जाऊन बसले.

रोहिणीनं भराभर बोट वर केलं. महिन्यानं कागद आला. शून्य टक्के. मशिनं मिळणार नव्हती.

जिनेश तिच्यासमोर बसले. "घरात मागनं हाक मारली तर वळत न्हाईस. तिथं सगळं कसं ऐकू आलं गं?"

"ऐकू कुठं आलं? काचेत त्या दादांचा हात दिसत हुता की. त्यांनी बटण दाबलं की मी बोट वर. एक बी चुकलं न्हाय."

जिनेशनी कपाळाला हात लावला आणि त्यांना हसू आवरेना. "आगं बाई, ही परीक्षा पास व्हायची न्हवती."

"मग नापास व्हायची हुती?"

"तसं बी न्हाय. ऐकू आलं तर बोट वर, न्हाय आलं तर गप बसायचं."

हसले खरे, पण फेरतपासणीचा अर्ज लिहिताना त्यांनी दोन कागद फाडले. पोरीनं फसवलं असं म्हणाले तर? शेवटी त्यांनी झालं ते जसंच्या तसं लिहिलं.

दोन महिन्यांनी बोलावणं आलं. या वेळी कान तपासणाऱ्या संयोगिता मॅडमनी अर्ज वाचला, रोहिणीकडं पाहिलं आणि तिची खुर्ची भिंतीकडं फिरवली.

आता समोर नुसता पिवळा रंग. किती वेळ गेला कोण जाणे. आत्ता बटण दाबलं असेल, असं वाटून रोहिणीचं बोट वळवळायचं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. खूप वेळानं लांबून भुंगा गुणगुणल्यासारखं काहीतरी आलं, तेव्हाच तिनं बोट वर केलं.

पंधरा दिवसांनी कागद घ्यायला दोघं पुन्हा गेले. बासष्ट टक्के. जिनेश बाकावर टेकले आणि खिशातल्या रुमालानं उगाचच तोंड पुसत राहिले. आता मशिनं मिळणार होती. मॅडम खाली मान घालून सही करता करता काहीतरी बोलल्या, तसे ते मोठ्यानं हसले. शिपाईही हसला.

एरवी अशा वेळी रोहिणी सगळ्यांबरोबर हसून घ्यायची. आज ती टेबलाजवळ गेली आणि मॅडमच्या बाहीला धरून म्हणाली, "मला ऐकू आलं न्हाय. माझ्याकडं बघून परत सांगा."