जळक्या साखरेचे तीन पेले

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी स्टानियाला अँब्युलन्समध्ये चढवलं. वय चौसष्ट, सणकून ताप, बोलणं असंबद्ध. मीटरवर साखर एकतीस मिलिमोल, म्हणजे आपल्या मापाने साडेपाचशेच्या वर. एरवी ती नऊच्या पुढे जात नसे.

"काय दिलंत यांना?" डॉक्टरणीने विचारलं.

"चहा," मुलगा राडोये म्हणाला. त्याची बायको व्हेरिका शेजारीच होती.

मागच्या मंगळवारी घराण्याच्या रक्षक संताचा वार्षिक सण होता. त्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं आणि आलेल्याला परतही पाठवायचं नसतं. द्रागिशा खोकतच आला.

"याला फ्लू झालाय, दारातूनच वाटेला लाव," व्हेरिका कुजबुजली.

"माझ्या लग्नाचा साक्षीदार आहे तो, भावासारखा," राडोये म्हणाला. "त्याच्या खोकल्यापायी घराची अब्रू घालवू?"

स्टानियाने रिवाजाप्रमाणे त्याच्या गालांचे तीन मुके घेतले.

शुक्रवारी तिला ताप भरला, जेवण सुटलं आणि तिने इन्सुलिनही सोडलं.

"पोटात कण नाही, मग सुई कशाला टोचू?"

"आई, आजारात न खाताही साखर चढते. डॉक्टरांनी बजावलं होतं," व्हेरिका शनिवारी पुन्हा म्हणाली.

"ही बघा, सणाची भांडी घासता घासता डॉक्टरीण झाली!" राडोये हसला आणि त्याने कढईत साखर जाळून त्यावर आलुबुखाऱ्याची राकिया, घरची कडक दारू, ओतली. "तापाला हाच उतारा. आजोबा यावरच नव्वदी गाठून गेले."

"आजोबांना साखर नव्हती."

शनिवारी एक पेला झाला, रविवारी सकाळी दुसरा. म्हातारी तांब्यावर तांबे पाणी पीत होती. घामाने तहान लागणारच, असं राडोयेचं मत. दुपारी स्टानियाने व्हेरिकाकडेच हात पसरला. "दे गं, घसा सुकलाय. तू तरी नाही म्हणू नकोस." भांडून भांडून व्हेरिका कंटाळली होती. तिसरा पेला तिने स्वतः केला.

सोमवारी बारा वाजता इस्पितळातून फोन आला, तो व्हेरिकाने घेतला. शेवटचं इन्सुलिन कधी? गोड काही पोटात गेलं?

राडोयेने मान हलवून नाही अशी खूण केली.

"इन्सुलिन गुरुवारी," व्हेरिका म्हणाली. "जळक्या साखरेची राकिया, तीन पेले. शेवटचा मी दिला."

"आता गावभर सांगत फीर," राडोये म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

चारच्या फोनवर कळलं: साखर बावीसवर आली आहे, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया आहे, ऑक्सिजन लावलाय. नावाने हाक मारली तर स्टानिया अजून डोळे उघडत नाही.