डॅशबोर्डवरचा लाल दिवा

वाशिमहून परत येताना, रिठद दिसायला लागलं तेव्हा बाबांचं यंत्र वाजलं. मंजुषाने आरशात पाहिलं. तिचे सासरे माणिकराव मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. नाकातली नळी जागेवर होती, पण मांडीवरच्या ऑक्सिजनच्या यंत्रावर पिवळा दिवा लुकलुकत होता. गाडीच्या सॉकेटमधून त्याला पुरेशी वीज मिळत नव्हती. यंत्राची स्वतःची बॅटरी जुनी झालेली, जेमतेम पाऊण तास टिकणारी. घर जवळ होतं म्हणून निभावलं. अंगणात गाडी बंद केली आणि मग ती पुन्हा सुरू झाली नाही.

ही परवाची गोष्ट. उद्या सकाळी अकोल्याला जायचं होतं. फुप्फुसांच्या डॉक्टरांची वेळ फार दिवसांनी मिळाली होती आणि बाबांच्या बोटावरचं मशीन रोज थोडा कमी आकडा दाखवत होतं. अकोला म्हणजे अडीच तासांचा रस्ता. पाऊण तासाची बॅटरी आणि अडीच तासांचा रस्ता, हे गणित मंजुषाच्या डोक्यातून दोन दिवस हलत नव्हतं. नवरा संघदीप पुण्याला नोकरीवर, त्याला सुट्टी नाही. आज पोळा. गावातले जीपवाले आज-उद्या कुठे जायला तयार नव्हते, भागवत मिस्त्रीचं गॅरेजही बंद. अंगणातल्या या जुन्या पांढऱ्या गाडीशिवाय दुसरं काही नव्हतं.

शेजारच्या देवमनकाकांकडून बॅटरीचा चार्जर आणून तिने रात्रभर लावून ठेवला होता. सकाळी भाकरी झाल्यावर, ती शिकवत होती त्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घेतलेलं व्होल्ट मोजायचं मल्टीमीटर घेऊन ती बाहेर आली. बॉनेट उघडलं. बॅटरीच्या दोन टोकांना दोन काड्या लावल्या. साडेबारा व्होल्टच्या वर. बॅटरी भरली होती, आणि भरलेली राहिली होती.

"मंग झालं तं!" सासूबाई दुर्गाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "भरली ना? आता कायचा घोर?"

"आई, हा नुसता भरलेला माठ झाला. चालताना यात पानी येते का नाही, ते पाहाचं हाय."

तिने गाडी सुरू केली. एका झटक्यात सुरू झाली. आता आकडा चौदाच्या आसपास जायला हवा होता. इंजिन फिरतं, इंजिनाला जोडलेला अल्टरनेटर फिरतो आणि तो बॅटरी भरत राहतो. पट्ट्याने विहिरीवरचा पंप फिरावा तसं. पण मीटरवरचा आकडा बारा-तीनवर आला. हेडलाइट लावले तर बारा, आणि तिथून एकेक दशांश खाली. म्हणजे गाडी बॅटरीतलं खात होती, परत काहीच टाकत नव्हती. अशी ती मालेगावपर्यंत जाईल, फार तर मेडशी. त्यापुढे जंगलाचा रस्ता. मंजुषाने हेडलाइट बंद केले. मीटरच्या काड्या काढून घेतल्या.

पट्टा सैल असेल म्हणून तिने इंजिन बंद करून तो अंगठ्याने दाबून पाहिला. चांगला ताणलेला होता. बॅटरीची टोकं स्वच्छ, घट्ट. अल्टरनेटरच्या पाठीमागे एक जाड वायर होती आणि एक बारीक. जाड वायरवर बॅटरीइतकाच आकडा आला, म्हणजे मधला मोठा फ्यूज शाबूत होता. मग अल्टरनेटरच गेला असेल? तो आज कुठे मिळणार?

तिने भागवतला फोन लावला. मागून बैलांच्या घागरमाळांचा आणि माणसांच्या ओरडण्याचा आवाज येत होता.

"मॅडम, एकदम सोपं हाय," भागवत ओरडून म्हणाला. अल्टरनेटरला तो डायनामोच म्हणे. "गाडी चालू करा अन् बॅटरीचं निगेटिव काढून घ्या. गाडी चालू राह्यली म्हंजे डायनामो ओके. बंद पडली म्हंजे डायनामो गेला. आमी असंच पाह्यतो."

"तसं नाही काढत भाऊ. चालू इंजिनात बॅटरी काढली तर व्होल्टेज एकदम उसळते. डायोड जातात, काँप्युटर जाते. अन् सॉकेटले यंत्र लावलेलं असलं तं तेही."

"अवो काही नाही होत! माणिकरावनं तं गेल्या हप्त्यात माह्या गॅरेजसमोर सोताच काढून पाह्यलं. गाडी चालूच होती की. मनून मी म्हनलं, डायनामो एकदम फस क्लास."

 मागे कोणीतरी भागवतला हाक मारली आणि फोन कटला.

ती घरात गेली. माणिकराव पलंगावर टेकून बसले होते. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. घरातलं मोठं यंत्र भिंतीशी घुरघुरत होतं आणि त्याची लांब नळी फरशीवरून त्यांच्यापर्यंत आली होती.

"बाबा, गेल्या आठवड्यात तुमी चालू गाडीची बॅटरी काढली होती?"

"काढली होती. कायले खोटं बोलू? गाडी चालूच राह्यली. डायनामो चांगला हाय, तू उगाच भेऊन राह्यली."

"चांगला असता तं आकडा बारावर काहून आहे?"

"तुहं मीटर खराब असन." ते दम घ्यायला थांबले. "मले सांग, तू रेस दिली का?"

"रेस?"

"रेस दिल्याशिवाय डायनामोचं काय समजते वं? मी रेस देऊन, मंग काढलं होतं."

तिला राग आला, पण प्रश्न बरोबर होता. ती परत अंगणात गेली. दोन्ही कामं एकटीने होईनात म्हणून तिने सासूबाईंच्या हातात मीटर दिलं, काड्या बॅटरीला चिमट्यांनी लावून दिल्या.

"आई, फक्त आकडा वाचा. जोरात."

"मले शॉक तं नाही लागन?"

"नाही लागत."

"तुह्या सासऱ्यानंही असंच म्हनलं होतं, कूलरच्या टायमाले."

मंजुषाने गाडी सुरू केली.

"बारा," दुर्गाबाई म्हणाल्या. "बारा न् दोन. बाराच हाय."

मंजुषाने अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन कण्हल्यासारखं वर चढलं. अजून दाबला. शेजारच्या गोठ्यात बैल बिचकला.

"बारा... बारा... अवं माय! चवदा! चवदा न् एक!"

तिने पाय काढला. इंजिन शांत झालं.

"आता?"

"चवदाच हाय बाप्पा."

मंजुषाने गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली, पेडल न दाबता. "बारा," दुर्गाबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा पडला. जोरात रेस दिली, चौदा. बंद, चालू, बारा.

खिडकीतून माणिकरावांचा आवाज आला. "पाह्यलं? चांगला हाय म्हनलं ना! उद्या निघतानी एक रेस दे अन् चाल."

तसं करता आलं असतं. पण गाडी रस्त्यात कुठेही बंद पडू शकते. टोलवर, म्हशींपुढे, चढावर गिअर बदलताना. पुन्हा सुरू केल्यावर घाईत रेस द्यायची राहिली, किंवा या वेळी अल्टरनेटर उठलाच नाही, तर मागच्या सीटवरचा पिवळा दिवा पुन्हा लुकलुकणार. आणि बाबांनी बॅटरी काढून त्याच्या आत काही जाळलं नाही कशावरून? मंजुषा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. भीतीत विचार करायचा नाही, क्रम धरायचा, असं ती मुलांना प्रयोगशाळेत सांगत असे. आता स्वतःला सांगून पाहिलं. फारसा उपयोग झाला नाही, पण क्रम धरला.

अल्टरनेटर बिघडलेला नाही, कारण तो चौदा देतो. तो फक्त जागा होत नाही. त्याच्या पोटात फिरणारं चुंबक हे कायमचं चुंबक नसतं. तारेच्या गुंडाळीतून आधी थोडी वीज सोडली की लोखंड चुंबक बनतं. सहावीच्या मुलांसमोर खिळ्याला तार गुंडाळून ती हेच दाखवत असे. ही सुरुवातीची वीज बाहेरून यावी लागते. नाही आली, तर जोरात फिरवल्यावर लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर तो कसाबसा उठतो. परवा बाबांना हादरे बसू नयेत म्हणून ती वाशिमहून सावकाश आली होती, म्हणून तो उठलाच नव्हता. बाहेरून वीज येते ती बारीक वायरने.

तिने इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि बारीक वायर तपासली. शून्य. तिथे काहीतरी यायला हवं होतं.

मग ती वायर कुठून येते? तिने मोबाइलवर गाडीच्या वायरिंगचा नकाशा शोधला, दोन वेळा चुकीचा उघडला. बारीक वायर इंजिनाकडून डॅशबोर्डकडे जात होती आणि तिथे एका छोट्या दिव्यातून पलीकडे. बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा.

ती पुन्हा सीटवर बसली, चावी फिरवली. तेलाचा दिवा लागला. हँडब्रेकचा लागला. बॅटरीच्या चित्राची जागा काळी होती.

गेले दोन दिवस ती तो दिवा लागत नाही म्हणून स्वतःला धीर देत होती. लाल दिवा नाही, म्हणजे फार मोठं काही नाही. चावी फिरवल्यावर तो लागायलाच हवा, हे तिने पाहिलंच नव्हतं.

"बल्ब गेला असन," ती स्वतःशी म्हणाली. मग तिला डॅशबोर्डच्या काचेच्या कडेला, स्क्रूच्या डोक्याभोवती, नवे ओरखडे दिसले.

ती खिडकीपाशी गेली. "बाबा, हा डॅशबोर्ड कोणी उघडला होता?"

आत माणिकरावांनी नाकातली नळी नीट केली.

"बाबा."

"मी," माणिकराव म्हणाले. "पट्टा सैल होता तवा तो दिवा सारखा लागे. पट्टा कसला, मंग दिवा राह्यला नाही, पन तुही सासू गाडीत बसली की सारी नजर तिथंच. लाल लागन का, लाल लागन का. हात धरून बसे माहा. मनून मंग काढून टाकला बल्ब. दिवाच तं होता, त्यानं गाडी थोडी चालते?"

"चालते बाबा. वीज तिथूनच जाते. त्या बल्बातून."

 एकतीस वर्षांत माणिकरावांना हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगणारी सून खिडकीबाहेर उभी होती. त्यांनी मान फिरवली. दम लागला होता. बोलल्यामुळे की दुसऱ्या कशामुळे, ते तिला कळलं नाही.

दुर्गाबाई मीटर हातात तसंच धरून आत आल्या. "मी भेतो मनून दिवा काढला? मंग मलेच काढून ठेवाचं होतं गाडीतून! पायजे तं टपावर बांधाचं!"

"तू गप बस."

"परवा तुमची मशीन बोंबलली तवा मी गपच होती. जीव कसा हातात घेऊन बसली होती, ते माहीत हाय तुमाले? लाल दिवा पाह्यला असता तं वाशिममधीच गाडी थांबवा म्हनलं असतं."

माणिकरावांनी चादर गुडघ्यांवर ओढली.

"बल्ब कुठे आहे?" मंजुषाने विचारलं.

"फेकला."

 तिने स्क्रूड्रायव्हर घेऊन डॅशबोर्ड उघडला. मागे लहान लहान बल्ब, प्रत्येक आपल्या प्लास्टिकच्या घरात. हेडलाइटचा झोत वर केल्यावर लागणाऱ्या निळ्या दिव्याचा बल्ब अगदी तसाच होता. दिवसा जायचं, निळ्या दिव्याशिवाय काही अडणार नव्हतं. तो काढून तिने रिकाम्या जागी बसवला. दोनदा तो निसटून पायाशी पडला. तिसऱ्यांदा पीळ बसला.

चावी फिरवली. लाल दिवा लागला. त्या दिव्याकडे पाहून इतकं बरं वाटेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. सेल्फ मारला, इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला.

"आई?"

"चवदा न् दोन," दुर्गाबाई म्हणाल्या. "रेस न देता."

तरी तिचं समाधान होईना. तिने बाबांचं लहान यंत्र सॉकेटला लावलं, हेडलाइट लावले, पंखा लावला आणि गाडी तशीच फिरत ठेवली. गल्लीतून पोळ्याच्या तोरणाकडे निघालेले बैल गेले, ढोल गेले. ती आकड्याकडे पाहत बसली. चौदाच्या खाली गेला नाही. संध्याकाळी तिने गाडी पुन्हा बंद-चालू करून पाहिली. रात्री झोपताना वाटलं, अजून एकदा पाहावं. पाहिलं नाही.

सकाळी निघाले. दुर्गाबाई पुढे बसल्या. "मी पाह्यतो त्याले," त्या डॅशबोर्डकडे बोट दाखवून म्हणाल्या. मालेगाव गेलं. मेडशी गेलं. मागे यंत्राचे ठरावीक फुसकारे चालू होते आणि मंजुषा ते ऐकत होती, रस्ता पाहता पाहता.

पातूरच्या अलीकडे उतार लागला. मागून माणिकरावांचा आवाज आला, जुन्या सवयीचा. "आता न्यूट्रल टाक. इंजिन बंद कर. खालपर्यंत गाडी आपोआप जाते. आमी लाल डब्बाबी असाच उतरवो."

मंजुषाच्या काही बोलण्याआधी दुर्गाबाई वळल्या. "बंद-बिंद काही होनार नाही. तुमचा श्वास त्या इंजिनावर चालू हाय. मुकाट्यानं बसा."

माणिकराव हसले. हसता हसता खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. मंजुषाने आरशात पाहिलं. त्यांनी हात वर करून 'चाल' अशी खूण केली.

"मंग दुसरा गिअर टाक," खोकला बसल्यावर ते म्हणाले. "ब्रेकवर नको उतरवू, तापते. इंजिनावर उतरव."

तिने दुसरा गिअर टाकला. इंजिन चढ्या आवाजात फिरू लागलं, गाडी मंदावली. डॉक्टर काय सांगतील ते तिला माहीत नव्हतं. पुढे वळण होतं आणि वळणावर ट्रक येत होता.

"हॉर्न दे," माणिकराव म्हणाले.

तिने दिला.