चिलखती गाडीचं झाकण

धाकट्याने चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या. गल्लीत त्याला सगळे दातवालाच म्हणत आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. निवृत्त झाल्यावर माणूस जरा पाय पसरून बसेल, पेपर वाचेल, बायकोच्या कामात लुडबुड करेल. पण नाही. टेबल तेच राहिलं, कानशी, चिमटे, बारीक सुऱ्या त्याच राहिल्या, फक्त दातांच्या जागी चिलखती गाडी आली. तळहातावर मावेल एवढी, खरीच्या पस्तीसपट लहान, आणि सगळीच्या सगळी प्लास्टिकची.

हे खूळ उगीच शिरलं नव्हतं. त्याचा मोठा भाऊ, दादा, तरुणपणी फौजेत अशीच गाडी चालवायचा. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी दादाला सांगितलं होतं की नजरेचा मधला भाग चाललाय. कडेकडेचं दिसत राहील, पण समोरचा चेहरा, अक्षर, हातातली वस्तू पुसट होत जाईल. सहा महिने धरून चाला. दादाने नुसती मान हलवली होती. तो तसाच होता. फौजेबद्दल तर त्याने तोंडात मिठाची गुळणीच धरली होती, विचारलं की म्हणायचा, "विसरलो." डोळे देणं धाकट्याच्या हातात नव्हतं. दादाने आपली गाडी एकदा डोळे भरून पाहावी, एवढंच त्याच्या मनाने घेतलं.

या गाडीचे तयार सुटे भाग कुठल्याच दुकानात मिळेनात. मग त्याने प्लास्टिकची पांढरी शीट आणली आणि कापायला बसला. मापासाठी एकच फोटो होता. मडगार्डला टेकून उभा असलेला दादा, पोट आत ओढून, आणि मागे गाडी. दादाची उंची माहीत होती, बुटांसकट पाच फूट आठ इंच. धाकटा डिव्हायडर घेऊन भावालाच पट्टीसारखा वापरायला लागला. चाक दादाच्या कमरेपर्यंत, दार खांद्यापर्यंत. दादा फोटोत जरा वाकलाय हे लक्षात आलं तेव्हा दोन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं. बायकोने सांगितलं की जेवण झाकून ठेवलंय, आणि ती निमूट झोपायला गेली.

चाकं मात्र त्याने झोकात केली. एक चाक हाताने कोरलं, कवळीचं घेतात तसं त्याचं माप घेतलं आणि बाकीची तीन त्या साच्यात ओतली. मसाला घरातलाच, कवळ्यांचा. त्यामुळे रंग देईपर्यंत गाडी हिरड्यांसारख्या गुलाबी चाकांवर उभी होती.

"चावायला लागली तर सांगा," बायको म्हणाली.

एक्झॉस्ट पेनच्या रिफिलचा झाला. रिव्हेट होते तीनशे बारा, इंजेक्शनच्या सुईने पाडलेले, एकेक ओल्या ब्रशच्या टोकावर उचलून बसवलेले. शिंक आली तर तोंड फिरवून पळावं लागे. पाच महिन्यांत गाडी झाली, आणि खरंच, फोटोशेजारी ठेवली तर कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

दादा चहाला आला. धाकट्याने खिडकीशी, चांगल्या उजेडात, गाडी त्याच्या हातात दिली. दादाने ती तिरकी धरली, मान वळवून कडेच्या नजरेने पाहिली. बराच वेळ पाहिली. मग अंगठ्याचं नख वरच्या झाकणाच्या कडेला लावलं आणि हलकेच वर ओढलं.

"हे उघडत नाही?"

"फोटोत बंद आहे ना, म्हणून बंदच केलं. फट दिसू नये म्हणून कडेने लांबीसुद्धा भरली. बघ, रेघ तरी दिसते का."

धाकट्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. दादाचा चेहरा त्याने पाहिलाच नाही. दादाने गाडी टेबलावर ठेवली, "छान केलीस" म्हणाला, आणि चहा तसाच टाकून गेला.

चार दिवस फोन नाही. धाकटा घरभर धुमसत होता. पाच महिने डोळे फोडले आणि या माणसाला दोन शब्द जड झाले.

"पाच महिन्यांत त्यांना एकदा तरी काही विचारलंत का?" बायको म्हणाली. "त्या फोटोलाच विचारत बसलात. भाऊजी दोन गल्ल्या पलीकडे राहतात."

हे त्याला लागलं, कारण खरं होतं. पाचव्या दिवशी तो दादाकडे गेला. दादा पलंगावर बसून शर्टाची बटणं चाचपून लावत होता.

"चुकलं का रे काही?" धाकट्याने विचारलं.

"तुझं काही चुकलं नाही." दादाने शेवटचं बटण लावलं. "मी पुढे चालवायला. वर तोफेशी माझा जोडीदार, बारक्या. गाडीला मार बसला, आग लागली, मी दारातून बाहेर पडलो. त्याला वरूनच निघायचं होतं. झाकण वाकून बसलं होतं. मी वर चढून पान्याने ठोकत होतो, तो आतून ठोकत होता. मग आतलं थांबलं."

आपण ते झाकण लांबी भरून, घासून, कौतुकाने दाखवलं होतं, या विचाराने धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, मी ती गाडी मोडून टाकतो."

"मोडू नकोस. झाकण उघडतं कर," दादा म्हणाला. "आणि लवकर कर. मला बघायचंय."

आता खरी कसोटी होती. चिकटवलेलं प्लास्टिक एकजीव होतं, उखडता येत नाही. त्याने बारीक करवतीने झाकण कापलं, तर छताला तडा गेला. छतच नवं केलं, पुन्हा रिव्हेट बसवले. आत दोन सीटा केल्या, एक पुढे, एक वर. बिजागरी कवळी दाताला अडकवतात त्या आकड्याच्या तारेची. पहिली घट्ट झाली, दुसरी तुटली, तिसरीला झाकण आपोआप पडू लागलं. प्रत्येक वेळी नवी सुरुवात करताना तो दिवस मोजत होता. चौथी जमली. सहा आठवडे गेले.

डोळ्यांनी तेवढी वाट पाहिली नाही. धाकटा गाडी घेऊन गेला तेव्हा दार उघडून दादा त्याच्या कानाकडे पाहत म्हणाला, "कोण?"

"मी रे," धाकटा म्हणाला. "उशीर झाला, दादा."

"आण इकडे."

दोघे टेबलाशी बसले. दादाने गाडी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, डोकं इकडून तिकडे फिरवलं, मग तो नाद सोडून दिला. अंगठ्याने छत चाचपत गेला आणि नख कडेला लावलं. झाकण उघडलं. त्याने ते मिटलं, पुन्हा उघडलं. सात-आठ वेळा तरी केलं. मग उघडंच ठेवून करंगळीचं टोक आत घातलं आणि भोकाच्या कडेने सावकाश फिरवलं.

"निघाला असता रे," दादा म्हणाला. "एवढ्यातून सहज निघाला असता."

त्याचं बोट आतच होतं. गाडी हलू नये म्हणून धाकट्याने ती खालून दोन्ही हातांनी धरून ठेवली.