खाली जाणारी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. पाच चाकांची, जाळीच्या पाठीची आणि आता थोड्या कुरकुऱ्या स्वभावाची. मित्रांनो, मला विकत घेतले ते नीरजाताईंनी. तेव्हा त्यांची कपड्यांची कंपनी म्हणजे विश्रांतवाडीतली एक खोली, एक शिलाई मशीन आणि मी. माझ्यावर बसून त्या कुर्त्यांची चित्रे काढत. एकदा इस्त्रीचा चटका माझ्या उजव्या हाताला बसला, तर त्यांनी चक्क फुंकर घातली हो! तो डाग अजून आहे.

कंपनी वाढली. मोठे ऑफिस झाले आणि नीरजाताईंच्या 'मॅडम' झाल्या. त्यांच्या केबिनमध्ये चामड्याची खुर्ची आली, मी बाहेर सगळ्यांत आले. वयाप्रमाणे माझ्या आतली, उंची धरून ठेवणारी गॅसची नळी निकामी झाली. कुणी बसले की मी हळूहळू खाली जाई, आणि थोड्या वेळाने बसणाऱ्याची हनुवटी टेबलाला टेके. मला दुरुस्त करायचे मात्र कुणाच्या मनात आले नाही.

पुढे कपडे खपेनासे झाले. एक दुकान बंद पडले, मग दुसरे. मॅडमची झोप उडाली आणि त्यांचा सगळा राग ऑफिसवर निघू लागला. संजय नावाच्या डिझायनरचे काहीतरी चुकले, तेव्हा त्या भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, "तू आजपासून त्या खुर्चीत बस. तुझ्या कामाची उंची तेवढीच आहे." सगळे हसले. झाले, प्रथाच पडली. ज्याच्यावर मॅडमची खप्पा मर्जी, त्याच्याकडे मला ढकलायचे. संजय सोडून गेला, त्याच्यानंतरचेही गेले, सगळे मान खाली घालून. सकाळी लोक आल्याआल्या आधी मी कुणापाशी आहे ते बघत. मला फार लाज वाटे. दमलेल्याला टेकू द्यायचा एवढेच मला येत होते, आणि लोकांनी माझीच शिक्षा करून टाकली होती.

मग माझ्यावर भाग्यश्री आली. यवतमाळची मुलगी, पहिलीच नोकरी. दिवाळीच्या कुर्त्यांसाठी मॅडमनी स्वस्तातले कापड आणले, तेव्हा ती म्हणाली होती, "मॅडम, शिवायच्या आधी एक तुकडा धुऊन बघूया का?"

"तुला डिझाइनला ठेवलंय की धुण्याला? वेळ नाहीये आपल्याकडे."

कुर्ते विकले गेले, पहिल्याच धुण्यात आटले आणि ढिगाने परत आले. मॅडमनी भाग्यश्रीलाच सगळ्यांसमोर झापले आणि मला तिच्याकडे ढकलले.

त्या दुपारी तिच्या वडिलांचा फोन आला. "हो बाबा, मस्त चाललंय. मॅडम खूप शिकवतात," ती म्हणाली. बोलताना तिने माझा हात घट्ट धरला होता. नोकरी जाण्यापेक्षा तिला एकच मोठी धास्ती होती, की आपणही इतरांसारखे पडेल चेहऱ्याने घरी जाऊ. मी सगळा जोर लावला, पण खाली गेलेच.

एका सोमवारी ती पिशवीतून पाण्याच्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा घेऊन आली. शेजारच्या शुभंकरने मला आडवे धरले. दांडा आत सरकू नये म्हणून तिने तो तुकडा त्याच्याभोवती बसवला, क्लिप आवळली आणि बसून पाहिले. मित्रांनो, मी खाली गेले नाही! किती वर्षांनी मी कुणाला नीट बसवले होते!

दोनच दिवसांनी मीटिंगमध्ये मॅडम शुभंकरवर घसरल्या. "भाग्यश्री, ती खुर्ची त्याला दे."

शुभंकर उठला. भाग्यश्री उठली नाही.

"मॅडम, ती आता खाली जात नाही."

"कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?"

"कुणीच नाही. इतकी वर्षं कुणीच सांगितलं नाही." मग ती उठली आणि तिने मला मॅडमपुढे सरकवले. "आपण बसून बघा ना."

मॅडम रागारागाने बसल्या. त्यांचा हात सवयीने माझ्या उजव्या हातावर गेला आणि त्या डागावर थांबला. त्यांनी त्यावरून बोट फिरवले. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "कापड धुऊन बघायला हवं होतं."

"हो," भाग्यश्री म्हणाली.

ऑफिसातली आरडाओरड त्या दिवशी थांबली, असे मी म्हणणार नाही. भाग्यश्रीनेही महिनाअखेरीस दुसरीकडे काम धरले. पण जाताना ती सगळ्यांशी हात मिळवून, हसत गेली. माझ्यावर बसलेल्यांत तशी गेलेली ती पहिलीच. मला तिची फार आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही एखादा डुगडुगता बाक असेल. तो सगळ्यांच्या नावडत्या मुलाकडे ढकलू नका. त्याचा खिळा ठोकून घ्या. आणि तोवर कुणीतरी त्यावर बसायलाच हवे असेल, तर आज तुम्ही बसा.